पाचव्या दिवशी बंद पडलेले नोड

एम.टेक.ला माझा प्रकल्प होता वायरलेस सेन्सर नेटवर्कने हलत्या माणसाचा माग काढण्याचा. कॉलेजच्या मैदानावर दहा-दहा मीटरवर १२ टेलॉसबी नोड, म्हणजे रेडिओ असलेले छोटे संगणक, लावले. प्रत्येकाला एक पीआयआर सेन्सर (समोरून हलणाऱ्या अंगाची उष्णता ओळखणारा) आणि दोन पेन्सिल सेल. पहाटे मित्र सायकल फिरवायचा, लॅपटॉपवर त्याचा ठिपका सरकायचा. तो पहिल्यांदा सरकला तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. पाचव्या दिवशी एकेक करत सगळे नोड बंद पडले.

मला वाटलं, नोड रेडिओवरून एकमेकांना पाठवतात ते निरोप फार जातायत. निरोप निम्मे केले, रेडिओची ताकद शेजारच्या नोडपर्यंत पोचेल इतकीच ठेवली. फरक जवळजवळ शून्य. मग गाईड सरांनी विचारलं, "रेडिओ गप्प बसलेला असताना किती करंट घेतो, ते मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. मल्टिमीटर लावला तर साधारण २० मिलिअँपियर. सीसी२४२० या रेडिओची डेटाशीट उघडली: पाठवताना पूर्ण ताकदीवर १७.४ मिलिअँपियर, ऐकताना १८.८. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकणंच महाग! सेल साधारण २५०० मिलिअँपियर-तासांचा, भागिले २०, की १२५ तास. पाच दिवसांचा हिशोब लागला.

मग रेडिओला झोपवायला सुरुवात केली. दर अर्ध्या सेकंदाला फक्त १० मिलिसेकंद जाग. सरासरी खर्च ०.४ मिलिअँपियरवर आला, कागदावर आठ महिने. पण शेजारी झोपलेला असेल तर तो जागा होईपर्यंत पाठवणाऱ्याला तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. निरोप एका नोडवरून दुसऱ्यावर असा पुढे जायचा, लॅपटॉपपर्यंत सहा टप्पे, म्हणजे वाईटात वाईट तीन सेकंद. ताशी १५ किलोमीटरने सायकल तेवढ्यात १२ मीटर जाते. ठिपका कायम एक नोड मागे.

इथे माझे दोन महिने गेले, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं तेही इथेच. पीआयआरला दशांश मिलिअँपियरही लागत नाही, म्हणून तो सतत चालू ठेवला. डोळा उघडा, कान मिटलेला. ज्या नोडला सायकल दिसली त्याने आधीच्या नोंदींवरून, काल्मन फिल्टर (पुढची जागा आणि तो अंदाज किती चुकू शकतो, दोन्ही सांगणारं गणित) वापरून, ती पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधायचा आणि त्या वाटेवरच्या नोडना आधीच उठवून ठेवायचं. बाकीचे झोपलेले.

सरळ रेषेत हे सुरेख चाललं. मग मित्र अचानक कँटीनकडे वळला. वाटेवरचे नोड उगाच जागे राहिले, वळणावरच्या नोडने पाहिलं पण त्याचे शेजारी झोपेत! कायम सगळीकडचे चार नोड उठवणं परवडेना. शेवटी फिल्टरची स्वतःचीच अनिश्चितता कामी आली: ती कमी असेल तर दोन नोड उठवायचे, वाढली की चार. माझ्या मते या विषयात अचूक अंदाजाइतकंच, आपला अंदाज किती कच्चा आहे हे नोडला कळणं महत्त्वाचं आहे.

यानंतर सेल आठवड्यांच्या हिशोबाने टिकू लागले, पण सारखे नाहीत. लॅपटॉपजवळच्या दोन नोडवरून सगळ्यांचे निरोप जायचे, त्यामुळे ते आधी संपत. कोपऱ्यातले जवळजवळ भरलेले असत. म्हणून दर शनिवारी मी त्यांच्या जागा आपसांत बदलायला लागलो.