शेजारच्या आजोबांची तबकडी

न्यू जर्सीतल्या आमच्या शेजारच्या आजोबांनी घर विकायला काढले, तेव्हा तळघरातल्या ढिगातून एक तबकडी काढून माझ्या हातात ठेवली. अमेरिकन संगीतकार बर्ट बॅकरॅकची लोकप्रिय गाणी जॅझवादक स्टॅन गेट्झने सॅक्सोफोनवर वाजवलेली, 'व्हर्व्ह' या कंपनीने 1968 साली काढलेली. पैसे घ्यायला ते तयार झाले नाहीत. हातात दुसरे काम असताना ती ऐकायची नाही, एवढीच अट त्यांनी घातली.

मी ती भांडी घासताना ऐकली आणि निराश झालो. 'गेट्झ/जिल्बेर्तो' या अल्बमसाठी 1965 साली ग्रॅमी मिळवलेला हा माणूस इथे व्हायोलिनांच्या मऊ गादीवर बसून मूळ चाल फारशी न मोडता वाजवतो, म्हणून कट्टर जॅझवाले अशा तबकड्यांना नाक मुरडतात, मीही मुरडले.

दुसऱ्यांदा मात्र निमूट बसून ऐकली. 'अल्फी'मध्ये गेट्झ ओळीच्या शेवटी सूर हळूहळू सोडतो आणि अखेरीस नुसती फुंकर उरते. हॅल डेव्हिडने लिहिलेल्या या गाण्याचा पहिलाच शब्द प्रश्नाचा आहे, आणि तो प्रश्न शब्दांवाचून ऐकू येतो. वाद्य गळ्यासारखे गायला लावणे, आपल्याकडे ज्याला गायकी अंग म्हणतात, ते याहून वेगळे काय असते? बॅकरॅकची चाल गुणगुणायला सोपी वाटते, पण तिच्या ओळी सारख्या लांबीच्या नसतात आणि टाळी द्यायला जावे तर हात हमखास चुकतो; तिथे तान घेण्यापेक्षा चाल जशीच्या तशी सांभाळणे अधिक अवघड आहे.

पुण्यात बाबा रविवारी एनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनवरची चित्रपटगीते लावत, तेव्हा 'ही लग्नाच्या हॉलमधली गाणी' म्हणून मी त्यांची टर उडवत असे, आणि घर बदलताना त्या तबकड्या मीच रद्दीवाल्याला दिल्या. अर्थात घर दोन खोल्यांचे होते आणि प्लेअरची सुई कुठे मिळत नव्हती, हेही सांगायला हवे. आपल्या लोकांना जतन करण्याची सवय नाही, असे इथे बसून लिहिणे सोपे आहे; पण ज्याच्याकडे तळघर असते, त्याला रसिकता परवडते.

परवा फोनवरून बाबांना 'अल्फी' ऐकवले. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "कुठल्या पिक्चरमधलं?" इथली गाणी पिक्चरमधली नसतात, असे त्यांना ऐकवण्याच्या मी बेतात होतो, पण हे गाणे 1966 सालच्या त्याच नावाच्या चित्रपटासाठीच लिहिलेले, आणि याच तबकडीवरचे 'द लुक ऑफ लव्ह' 1967 सालच्या 'कॅसिनो रॉयाल'मधले.

"हिरो कोण?"

"मायकेल केन."

"बरं. आता मध्ये बोलू नकोस."