हॉलसँड्सची खडी

मार्च 2018. एमा वादळ नुकतंच येऊन गेलेलं, इंग्लंडच्या डेव्हनमधला स्लॅप्टनचा समुद्राकाठचा रस्ता तुटलेला, आणि आम्हाला तिथल्याच स्टार्ट बे या छोट्या उपसागराचे किनारे मोजायला पाठवलं. मोजायचं म्हणजे ओहोटीला, दरवेळी त्याच ठरलेल्या रेषेवरून जीपीएसची काठी घेऊन पाण्यापर्यंत चालत जायचं. पण इथे वाळू कमी, खडीच जास्त, काठी टेकवली की खचते आणि लेव्हल चुकते, म्हणून खाली चपटी चकती लावायची, दर पॉइंटला काठी सरळ होईपर्यंत थांबायचं. काही लोक हे घाईत उरकतात आणि मग ऑफिसात बसून आकडे गुळगुळीत करतात, ते मला अजिबात पटत नाही.

तिथेच हॉलसँड्स आहे. म्हणजे होतं. वरच्या प्लॅटफॉर्मवरून कड्याला चिकटलेल्या पडक्या भिंती तेवढ्या दिसतात. 1891 मध्ये इथे 37 घरं, 159 माणसं, लंडन इन नावाचा पब, मासेमारीवर चालणारं गाव. 1897 पासून प्लिमथच्या नौदल गोदीसाठी समोरूनच खडी उपसायला लागले, दिवसाला 1,600 टनांपर्यंत. गावकऱ्यांनी लगेच ओरड केली, चौकशी बसली, आणि निष्कर्ष काय, तर फारसा धोका नाही! हे लिहिणाऱ्यांना हिवाळा तिथे काढायचा नव्हता. किनारा खाली खाली गेला, 1902 ला परवाना रद्द झाला, पण तोवर उशीर झालेला. 26 जानेवारी 1917 ला पूर्वेचा सोसाट्याचा वारा आणि मोठी भरती एकदम आली. माणसं सगळी वाचली, वर्षाअखेरीस राहण्यासारखं घर मात्र एकच उरलं.

समुद्र खड्डा भरून काढेल असं तेव्हा धरून चालले होते, ते माझ्या डोक्यातून जात नाही. बीचवर मूठभर खडी उचलली तर त्यात तपकिरी, काचेसारखे गुळगुळीत फ्लिंटचे, म्हणजे खडूच्या खडकात सापडणाऱ्या कठीण गारेचे तुकडे, आणि मागचा खडक बघावा तर स्लेट आणि शिस्टचा, पापुद्रे सुटणारा. त्यातून फ्लिंट येणार कुठून? हिमयुगानंतर पाणी चढत गेलं तसा समुद्राने तळावरून ढकलत आणलेला हा साठा आहे. नुसतं मुद्दल, व्याज नाही.

रिपोर्टमध्ये मी हे सविस्तर लिहिलं तर सीनियर म्हणाला, इतिहास कशाला, क्लायंटला आकडे हवेत, आणि तो परिच्छेद शेवटी परिशिष्टात गेला. तो पहिल्या पानावर हवा असं मी अजूनही म्हणतो, कारण त्याच रिपोर्टमध्ये उपाय म्हणून "बाहेरून खडी आणून टाकावी" असं एका ओळीत लिहिलंय, आणि ती कुणाच्या किनाऱ्यासमोरून उपसणार ते कुठेच लिहिलेलं नाही.