विट्यातलं लेअर शेड ते जिवाणूंची पुडी : आमची वाटचाल

आमचं मूळ काम लेअरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं. विट्याजवळ वडलांचं पाच हजार पक्ष्यांचं शेड, आणि सकाळी आत गेलं की आधी पिंजऱ्याखालची विष्ठा बघायची ही सवय त्यांनीच लावली. एका वर्षी ती पिवळी-हिरवी पातळ दिसायला लागली, तुरे फिके पडले, पक्षी डोळे मिटून पंख ढिले सोडून बसायचे आणि मर रोज वाढत गेली. डॉक्टर म्हणाले फाऊल टायफॉईड, म्हणजे साल्मोनेला गॅलिनेरम या जिवाणूचा रोग. अँटिबायोटिक दिलं की मर थांबायची, कोर्स संपला की परत सुरू, आणि औषधाच्या दिवसांतली अंडी विकायची नाहीत म्हणून ट्रेच्या ट्रे खड्ड्यात पुरलेत आम्ही.

तेव्हा वाचायला लागलो. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्येच दाखवलंय की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले चांगले जिवाणू एक दिवसाच्या पिल्लाला दिले की साल्मोनेलाला आत जागाच मिळत नाही, एसटीत आधी रुमाल टाकून सीट धरतो ना तसं. मग भांडवल जमवून लॅक्टोबॅसिलस या चांगल्या जिवाणूंची पुडी काढली, पाण्यातून द्यायची.

पहिल्याच वर्षी तासगावकडच्या एका शेतकऱ्याचा फोन, काही फरक नाही. गेलो, टाकीचं झाकण उघडलं आणि टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लिचिंग पावडरचा, भपकन वास आला. माझे जिवाणू निपलपर्यंत, म्हणजे पक्षी पाणी पितात त्या तोटीपर्यंत, पोचायच्या आधीच टाकीत मरत होते आणि हे सांगायचं मीच विसरलो होतो. पैसे परत दिले. आता पुडीवर मोठ्या अक्षरात छापतो, टीसीएल नसलेलं पाणी घ्या, नाहीतर लसीच्या पाण्यात घालतो तशी दूध पावडर आधी मिसळा. खाद्यासाठी बॅसिलस सबटिलिस हा दुसरा जिवाणू वेगळा काढला, तो बीजाणू रूपात, म्हणजे टणक कवचात झोपलेला असतो, कोरड्या खाद्यात महिनोन् महिने टिकतो, उष्णताही सोसतो.

मर चालू झालेल्या शेडला मात्र मी पुडी देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तिथं आधी डॉक्टर, कल्चर टेस्ट (कुठला जिवाणू आहे ते बघायची), योग्य औषध, आणि कोर्स संपल्यावर आमचे जिवाणू. हा रोग अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून पिल्लं कुठल्या हॅचरीची हे पहिलं विचारतो, उंदीर किती आहेत तेही. २०१९ मध्ये सरकारने पोल्ट्रीत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद केलं तेव्हापासून चौकशी करणारे वाढलेत, खानापूर, कडेगाव, पलूसकडून फोन येतात. परवाच एकाची पिल्लं उतरली, ब्रूडरमधल्या (पिल्लांना ऊब देतात ती जागा) पहिल्या पाण्यातच पुडी टाकून आलो, आता आठवड्याने विष्ठा बघायला जायचंय.