लाल एके लाल

सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, बेलव्ह्यूमधल्या ज्या दुकानात मी कामाला आहे तिथे बोर्ड गेम आणि पत्त्यांचे खेळ विकले जातात, पण दुकानाला खरा जीव असतो तो मागच्या टेबलांवर. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ 1993 साली बाजारात आला. तो काढणारी विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनी इथून जवळच, रेंटनला. त्यामुळे सुरुवातीपासून खेळणारे मुरलेले लोक आणि परवा शिकलेली पोरं अशी दोन्ही गिऱ्हाइकं एकाच संध्याकाळी येतात. त्यांना एका टेबलावर बसवायचं तर ड्राफ्टसारखा दुसरा प्रकार नाही. ड्राफ्टसाठी दुकानाचा स्वतःचा जो संच आहे, म्हणजे क्यूब, त्यात कोणते पत्ते ठेवायचे आणि कोणते काढायचे हे माझ्या गळ्यात पडलेलं काम.

क्यूब 360 पत्त्यांचा. आठ जण बसतात, प्रत्येकापुढे 15 पत्त्यांचे तीन पॅक. पॅक फोडायचा, एक पत्ता ठेवून घ्यायचा, उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे. शेवटी जमलेल्या 45 पत्त्यांतून, दुकानाच्या साध्या लँड (बाकी पत्त्यांची किंमत भरायला मॅना, म्हणजे रंगीत ताकद, देणारे पत्ते) घालून, 40 चा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, लावायचा. रंग पाच: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. बहुतेक जण दोन रंग धरतात. मला काळजी होती ती एकाच रंगावर राहणाऱ्या एकरंगी मंडळींची, कारण त्यांचा डेक पुरताच होत नव्हता. लँड सोडून चोवीस कामाचे पत्ते लागतात, आणि त्यांच्याकडे सतरा-अठराच निघायचे.

मालकीण म्हणाली, "मग लाल पत्ते वाढव की!" वरवर पटण्यासारखं आहे. पण आठ जणांनी दोन-दोन रंग धरले तर प्रत्येक रंगावर सरासरी तिघांचा डोळा असतो. लालचे 50 पत्ते असतील तर एकेकाच्या वाट्याला सोळाच्या आसपास. मी 50 चे 65 केले, तर डावीकडच्यालाही लाल जास्त दिसणार आणि उजवीकडच्यालाही. गर्दी तेवढी वाढते, एकरंगीवाल्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. त्याला हवे असतात इतरांच्या उपयोगाचे नसलेले पत्ते.

असे पत्ते दोन तऱ्हेचे. पहिली तऱ्हा म्हणजे ज्यांची किंमत एकाच रंगात घट्ट बांधलेली आहे ते. 2018 च्या डोमिनारिया या संचातला गॉब्लिन चेनव्हर्लर घ्या: तीन मॅना, तिन्ही लाल. दोन रंगांच्या डेकमध्ये 17 पैकी 9 लँड लाल धरल्या, तर दुसऱ्या नंबरने खेळणाऱ्याला तिसऱ्या पाळीला तीन लाल लँड मिळण्याची शक्यता साधारण 40 टक्के. सोळाच्या सोळा माउंटन, म्हणजे लाल लँड, असतील तर 87. तोच पत्ता, पण एकाला गळ्यातली धोंड आणि दुसऱ्याला हुकमी.

दुसरी तऱ्हा हायब्रिड पत्त्यांची. 2005 च्या रॅव्हनिकापासून हे आले आणि 2008 च्या शॅडोमूरमध्ये त्यांचा नुसता सुकाळ होता. साध्या दुरंगी पत्त्याला दोन्ही रंग लागतात, हायब्रिडला दोहोंपैकी कोणताही चालतो. मी दुरंगी पत्ते घटवून दहावर आणले आणि प्रत्येक जोडीला तीन याप्रमाणे 30 हायब्रिड घातले. कोणताही एक रंग चार जोड्यांत असतो, म्हणजे एकरंगी खेळाडूला खेळण्याजोगे बारा पत्ते नव्याने मिळाले, आणि लालचा आकडा मात्र 50 वरच राहिला. शिवाय कुठल्याही रंगाच्या डेकात चालणारे 35 आर्टिफॅक्ट. दुरंगी लँड वीसच ठेवल्या. त्या फुकटात मिळाल्यासारख्या मिळत गेल्या, तर एका रंगावर भागवायला कोण तयार होईल?

हे सगळं कागदावर. शनिवारी दुपारी आठ जण बसले तेव्हा मी पाणी, फासे आणि लँडचा खोका घेऊन फिरत होतो. मूळ पुण्याच्या एका कुटुंबातला तेरा वर्षांचा मुलगा नेहमी येतो. बसण्याआधीच त्यानं सांगितलं होतं, "काका, आज फक्त लाल. मागच्या वेळी हातात सगळ्या निळ्या लँड घेऊन मेलो." त्याच्या उजव्या हाताला एक निवृत्त शिक्षक बसले होते. मुरलेला गडी. पहिल्या पॅकमध्ये पत्ते उजवीकडून डावीकडे सरकतात, म्हणजे पोराला मिळणार ते मास्तरांच्या चाळणीतून उरलेलं. मास्तर लाल-काळं घेत होते. पोराच्या ढिगात पहिल्या पॅकअखेर लाल पत्ते जेमतेम होते, आणि मला वाटलं, झालं, आता हा हिरव्यात शिरणार.

दुसऱ्या पॅकला दिशा उलटते. त्यानं पॅक फोडला, पंखा केला, आणि दोन पत्ते किंचित वर सरकवले: चेनव्हर्लर आणि बोगार्ट रॅम-गँग. रॅम-गँगची किंमत तीन हायब्रिड मॅना, लाल किंवा हिरवा. ताकदीनं चेनव्हर्लर सरस, यात वाद नाही. मी मागेच उभा होतो, पण ड्राफ्ट चालू असताना बोलायचं नसतं. त्याचा अंगठा चेनव्हर्लरवर गेला, परत आला. मग टेबलाच्या पलीकडे हिरव्या पत्त्यांवर खूश होऊन बसलेल्या बाईंकडे त्यानं एकदा पाहिलं आणि रॅम-गँग ठेवून घेतला. उरलेले चौदा मास्तरांकडे.

पंधराचा पॅक आठ जणांत फिरून नवव्या पिकला परत पहिल्याकडेच येतो, सात पत्ते उरलेले असताना. तो पॅक परत आला तेव्हा चेनव्हर्लर त्यात तसाच होता. मास्तरांनी सोडला, कारण त्यांच्या निम्म्या लँड काळ्या असणार होत्या. बाकी कुणाला तो परवडतच नव्हता. पोरानं काही न बोलता तो उचलला, फक्त कान लाल झाले. त्या वयात मला हे सुचलं नसतं. इतरांना जे हवंय ते आधी घ्यायचं, आणि आपल्याशिवाय कुणालाच नको ते फिरून येतं यावर विश्वास ठेवायचा. क्यूब लावताना मला हाच निर्णय टेबलावर यायला हवा होता. नुसतं लाल दिसलं की उचल, एवढंच असेल तर त्याला ड्राफ्ट कशाला म्हणायचं?

त्याचा डेक पुरेपूर चोवीस पत्त्यांचा झाला. लँडमध्ये म्यूटाव्हॉल्टसुद्धा होती. ती रंग देत नाही म्हणून दोन-तीन रंगवाले तिला बिचकतात. पहिला सामना त्यानं चटकन मारला, दुसराही.

शेवटचा मास्तरांशी. आणि इथे गंमत अशी, की तिसऱ्या पॅकमध्ये काळ्याचा ओघ बघून मास्तरही जवळजवळ पूर्ण काळ्यावर गेले होते. निर्णायक डावात पोराचे 7 प्राण उरले होते, आणि पुढच्या पाळीला तो मारणार हे मास्तरांनाही दिसत होतं. मास्तरांपुढे अ‍ॅशनमूर गाउगर आणि नाइटव्हेल स्पेक्टर, दोघांच्याही किमतीत काळा चालणारी तीन-तीन हायब्रिड चिन्हं. त्यांनी पाच लँड वळवून, म्हणजे त्यांचा मॅना खर्चून, ग्रे मर्चंट ऑफ अ‍ॅस्फोडेल टाकला. आपल्या बाजूला काळ्याची जितकी चिन्हं, तितके प्राण समोरच्याचे जातात. "हायब्रिड पण मोजायची?" पोरानं माझ्याकडे बघून विचारलं. मोजायची. तीन, तीन आणि मर्चंटची स्वतःची दोन. आठ. त्यानं बोट ठेवून पुन्हा मोजली, तरी आठच.

संध्याकाळी मालकीण म्हणाली, मर्चंट काढ, नवीन पोरांना असं हरवणं बरं नाही. मी काढला नाही. दोन रंगांच्या डेकात तो कसाबसा तीन-चारचा फटका देतो. आठचा फटका ही एका रंगावर राहण्याची मजुरी आहे, आणि ती पोराला चेनव्हर्लरमधून मिळाली तशी मास्तरांनाही मिळाली. निळ्याचं मात्र मला अजून जमलेलं नाही. एकरंगी निळा डेक त्या दिवशी कुणी लावला नाही, आणि पाचही रंगांना सारखंच पोसलं पाहिजे असं मी मानतही नाही. लाल, काळा आणि पांढरा एकट्यानं उभे राहिले, हिरवा अधूनमधून राहिला, तरी माझ्या लेखी क्यूब ठीक आहे.

पोरगं जाताना सांगून गेलं, "काका, पुढच्या शनिवारी काळा." मास्तर शेजारीच कोट चढवत होते, त्यांना मराठी कळत नाही हे बरं.