आमची वाटचाल : जॉबवर्क, हजेरीपट आणि कायद्याचा मसुदा

1990 च्या दशकात कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथवर आम्ही जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर मजुरीचं काम, सुरू केलं. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) यायचं, मशिनिंग करून परत जायचं. आज व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनं) आहेत, दोन पाळ्या चालतात, हजेरीपटावर साठच्या आसपास नावं आहेत. मशिनं कशी वाढली हे ग्राहकांना ठाऊक आहे. माणसं वाढवताना काय बघावं लागलं, ते फारसं कुणी लिहीत नाही.

छोट्या कारखानदाराच्या डोक्यात काही आकडे कायम असतात. दहावा माणूस घेतला की ईएसआय (कामगार आणि त्याच्या घरच्यांच्या उपचारांची सरकारी विमा योजना), विसावा घेतला की पीएफ (भविष्य निर्वाह निधी). 1948 च्या कारखाने कायद्यातही वीज वापरणाऱ्या कारखान्याला दहाचीच रेघ होती. हातात ऑर्डर असून नवव्या माणसावर थांबलेले शेजारी मी पाहिले. आम्ही थांबलो नाही, कारण वसाहतीतल्या उद्योजक संघटनेची ज्येष्ठ मंडळी शेजारी बसवून सगळे कागद समजावून सांगत. मी सभासद झालो तो त्यासाठीच.

संघटनेचं खरं काम कायदा होण्याआधी असतं, हे तिथे गेल्यावर कळलं. कामगार हा समवर्ती सूचीतला विषय. केंद्र कायदा करतं, राज्यही नियम करतं. मसुदा राजपत्रात येतो आणि हरकती-सूचनांना ठरावीक मुदत मिळते. त्या मुदतीत ‘जाचक अटी रद्द करा’ एवढंच लिहून काही होत नाही. कुठलं कलम, कुठला शब्द बदलायचा, त्याजागी काय घालायचं आणि छोट्या शेडला त्याचा खर्च किती, हे मांडावं लागतं. सभासदांची पगारपत्रकं, नावं झाकून, आम्ही त्यासाठी गोळा करतो. मग निवेदन राज्याच्या उद्योग चेंबरकडे आणि तिथून दिल्लीतल्या उद्योगांच्या महासंघांकडे जातं.

या वाटेवर लहानांचा आवाज बारीक होत जातो. जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेचंच बघा. 2019 च्या विधेयकात कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी 100 कामगारांपासून होती. संसदेच्या स्थायी समितीने 300 ची शिफारस केली आणि 2020 च्या संहितेत 300 आलं. मालक संघटनांची जुनी मागणी पूर्ण झाली, पण साठ माणसांच्या कारखान्याला ती परवानगी आधीही लागत नव्हती.

आमचा प्रश्न ईएसआयचा. जुलै 2019 मध्ये मालकाचा हिस्सा 4.75 टक्क्यांवरून 3.25 वर आला, त्याचा दिलासा मिळाला. पण वेतनमर्यादा 2017 पासून 21,000 रुपये. चांगल्या सेटरचा (कामासाठी मशिन लावून देणाऱ्याचा) पगार वाढवला की तो योजनेबाहेर जातो आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचे उपचारही बंद होतात. ‘साहेब, एवढ्यात वाढ नको,’ असं म्हणणारी माणसं आमच्या शेडमध्ये आहेत. मर्यादा वाढवा, आमचा खर्च वाढला तरी चालेल, असा ठराव मी कार्यकारिणीत मांडला. मालकांच्या संघटनेने स्वतःचा खर्च वाढवून का मागायचा, असा सूर निघाला. बराच वाद झाला, शेवटी मुद्दा निवेदनात गेला. शिकून तयार झालेला ऑपरेटर टिकवायचा तर त्याच्या घरच्यांचा दवाखाना हा माझ्या धंद्याचाच प्रश्न आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही संहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग आता वेतनात धरायचा. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. दोन्ही मला रास्त वाटतात. मात्र जॉबवर्कचा दर ठरवताना मोठे ग्राहक हा खर्च धरत नाहीत, आणि त्यातले काही त्याच महासंघांत पुढच्या रांगेत बसलेले असतात.

सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी भारतीय श्रम परिषद 1942 पासूनची. 2015 च्या 46 व्या अधिवेशनानंतर, 2020 मध्ये संहिता मंजूर होईपर्यंत ती भरलीच नाही. वसाहतीपुरती तरी अशी बैठक व्हावी म्हणून आम्ही इथल्या कामगार संघटनांशी बोलणी सुरू केली आहेत. पहिला विषय ठरला आहे : ईएसआयची मर्यादा, दोघांच्या सहीचं एकच निवेदन.