ढेकर येईपर्यंत

मंगळवार, पहाटे

पाजायचं काम हिचं, ढेकर काढायचं माझं. अशी वाटणी कुणी ठरवली नव्हती, इस्पितळातून घरी आल्यावर ती आपोआप होत गेली. सिझरचे टाके अजून ओढतात, त्यामुळे पाजून झालं की ही बाळ माझ्याकडे देते आणि लगेच डोळे मिटते. मी खांद्यावर दुपटं टाकून भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत फेऱ्या मारायला लागतो.

दूध ओढताना, रडताना बाळ हवाही गिळतं. उभं धरलं की पोटातली हवा दुधाच्या वर येते आणि बाहेर पडते. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप या वयात नीट आवळलेली नसते, म्हणून हवेसोबत दुधाची छोटी गुळणीही येते. सिस्टरनी मांडीवर बसवून कसं काढायचं तेही दाखवलं होतं: बाळ किंचित पुढे कलतं, हनुवटी आपल्या पंज्यात, पण बोटं जबड्यावर, गळ्यावर नाही. आई म्हणते, थापटू नकोस, नुसता खालून वर हात फिरव. मला तेच जमतं आणि आवडतं.

चंडीगडच्या संशोधकांनी यावर रीतसर अभ्यास केलाय. २०१५ साली छापून आला. ७१ आया आणि त्यांची बाळं, ३ महिने. ढेकर काढल्याने बाळांचं कळवळून रडणं कमी झालं नाही, उलट दूध टाकणं वाढलेलंच दिसलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग काय, दूध पिऊन झालं की तशीच आडवी टाकायची पोरीला?" मी तसं म्हणत नाही. पण ढेकर आलाच पाहिजे म्हणून झोपलेल्या लेकराला हलवत बसणं मला पटत नाही. चार-पाच मिनिटं वाट बघतो, नाही आला तर खाली ठेवतो. उताणीच. पालथं घातलं की बाळं गाढ झोपतात हे खरं, पण झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्यातच जास्त, आणि या एका बाबतीत मी आईचंसुद्धा ऐकत नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणलेलं ग्राइप वॉटरही फळीवर तसंच आहे. ६ महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. हिरवी उलटी झाली, किंवा दूध दरवेळी फवाऱ्यासारखं लांब उडालं, तर मात्र तडक घेऊन यायचं.

मग एवढा अभ्यास वाचूनही मी उठतो कशाला? केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे. खासगीत कायद्याने एक दिवसही नाही. मी सकाळी लोकलला लोंबकळत जातो, येतो तेव्हा ती बहुतेक झोपलेली असते. तिचं डोकं माझ्या गळ्याशी, दुधाचा आंबूस वास, तळहाताखाली तिची एवढीशी पाठ, हे सगळं मला मिळतं ते रात्रीच. हिला तेवढीच सलग झोप लागते, तेही महत्त्वाचं. ढेकर आला तर बरंच.

आत्ता आला. मोठा. सोबत गुळणीही, दुपटं धुवायला टाकलं. शनिवारी दीड महिन्याची लस आहे, तेव्हा वजन नीट वाढतंय का ते विचारायचं.