गॅरेजमधली पाहुणी

आज घरची कामं बाजूला सारून लेखिका ज्युलिया अल्वारेझची 'आफ्टरलाइफ' ही कादंबरी संपवली. या लेखिकेचा जन्म न्यूयॉर्कचा, बालपण डॉमिनिकन रिपब्लिकमधलं, मुक्काम अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात. मोठ्यांसाठीची तिची कादंबरी तब्बल 14 वर्षांनी आली, आणि आली कधी, तर एप्रिल 2020 मध्ये! दुकानांना कुलपं, कार्यक्रम रद्द. सत्तरीच्या या बाईने मग वाचकांना स्क्रीनवरच गाठलं.

पुस्तक लिहिलं तेव्हा कोरोना कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. तरी नवरा अचानक गेलेली निवृत्त प्राध्यापिका अंतोनिया त्या वर्षातलीच वाटते. तिच्या गॅरेजमध्ये अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेली एक पोटुशी पोर सापडते. शेजारच्या गोठ्यात मेक्सिकन मजूर राबतात. व्हरमाँटचा दूधधंदा अशाच लोकांच्या जिवावर चालतो, आणि टाळेबंदी असो नसो, गाईंची धार काढावीच लागते. हे लोक घरी बसणार कसे?

मला मात्र सगळ्यात आवडल्या त्या चार बहिणी, अंतोनिया धरून. एकदम बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, रुसतात, पुन्हा फोन लावतात. अगदी आमच्या मावश्या! त्यातली थोरली गायब होते तो भाग कुणी वाचला असेल तर खाली लिहा. इथे घरात ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.